कुडाच्या भिंतींचा बंगला

थोरल्या दिराची, हैबतरावची, बायजाला मनापासून किळस होती आणि ती लपवायची तसदी तिनं कधी घेतली नाही. रोह्याजवळच्या त्या गावात दोघांची घरं शेजारी-शेजारी. हैबतरावचं घर स्लॅबचं, दुमजली; वरच्या खोल्यांत धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारे भाडेकरू. पंचायतीच्या दप्तरी मात्र ते अजून कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या भिंतींचं कौलारू खोपटंच होतं. हैबतराव पाच वर्षं पंचायतीचा सदस्य होता, त्यात त्यानं मन लावून केलेलं काम ते एवढंच. बायजा आणि तिचा नवरा केरू राहत ते विटांचं साधं घर, पण त्याची घरपट्टी या बंगल्याहून जास्त.

आणि ग्रामसभेत सगळ्यांत मोठा आवाज हैबतरावचाच. "लोकं पट्टी भरत नाय, मग दिवे कुठून लागतील?" असं तो बोलू लागला की बायजा त्याच्याकडे भातात निघालेल्या झुरळाकडे पाहावं तशी पाहायची.

त्या वर्षी घरपट्टीचे नवे दर आले. ग्रामसेवक महिपतीनं देवळात सभा घेऊन समजावलं, "आता नुसत्या चौरस फुटावर आकारणी नाय. जागेचा भाव काय, बांधकाम कसलं, किती जुनं, वापर कशासाठी, हे सगळं धरणार. मातीच्या घराला कमी, विटा-सिमेंटला जास्त, स्लॅबला त्याहून जास्त."

"बरोबर हाय," हैबतराव मान डोलवत म्हणाला. "गरिबाला सवलत पायजेच."

बायजा उठून उभी राहिली. "भावजी, तुमचं घर कसलं हाय ते सांगा की."

हैबतरावनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "केरू, हिला घरी ने. बायकांना यातलं कळत नाय."

केरू पायाचं नख न्याहाळत बसला. नवऱ्याकडून तिला दुसरी अपेक्षाही नव्हती.

"मला कळतंय तेवढं पुरं हाय," ती म्हणाली. "टेप आणा. आधी यांचं मोजा, मग आमचं."

दुसऱ्या दिवशी महिपती टेप घेऊन आला. वरचा मजला अजून अर्धवट आहे, तिथं कुणी राहत नाही, असं हैबतराव त्याला सांगत होता, आणि त्याच्या डोक्यावरच्या गॅलरीत भाडेकरूंच्या चड्ड्या वाळत होत्या. बायजा अंगणात उभी राहून ते ऐकत होती. धड खोटं बोलायचीही या माणसाला अक्कल नाही, असं तिला वाटलं. महिपतीनं स्लॅब लिहिला, दोन्ही मजले लिहिले, भाडेकरूही लिहिले.

मग तो बायजाच्या घरी आला. मागच्या पडवीचं दार त्यानं ढकललं. आत जगन झोपला होता. पेणच्या खाडीकडचा मिठागरवाल्यांचा मुलगा, कंपनीत लागलेला. रात्रपाळी करून आला होता.

"काकी, ही खोली दप्तरात नाय," महिपती म्हणाला.

लाकडं ठेवायची ती पडवी. विटा लावून बंद केली, जगनकडून भाडं घेतलं, पण ती घरात धरायची असते हे बायजाच्या मनालाही शिवलं नव्हतं. की शिवलं होतं आणि तिनं ते झटकून टाकलं होतं?

हैबतराव कुंपणापाशी येऊन हसत होता. "काय गो बायजा, पडवीची खोली कधी झाली?"

त्या हसण्यात राग नव्हता. लबाडीत जोडीदार मिळाल्याचा आनंद होता, आणि तोच तिला जास्त झोंबला.

"लिहा," ती महिपतीला म्हणाली. "भाड्यासकट लिहा."

बायजानं वाल विकून पट्टी भरली. जगनचं भाडं वाढवलं नाही. हैबतरावनं हरकत घेतली, ओळखीपाळखी शोधत पेणपर्यंत हेलपाटे घातले आणि काहीच जमेना तेव्हा सगळा बोजा भाडेकरूंवर टाकला. ते कुरकुरले, पण राहिले. त्याच्या खिशाला काही झळ लागली नाही. पुढच्या ग्रामसभेत तो उठला आणि म्हणाला, गावाच्या भल्यासाठी आपण आपलं घर स्वतःहून मोजून घेतलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. केरूनंही वाजवल्या.

बायजानं नवऱ्याच्या त्या हातांकडे पाहिलं, आणि पदर खोचून घरी निघाली.