धाकट्याला का झाला नाही

चष्मेवाल्या दोघा भावांना जन्मापासून एकच दुखणं. जरा कुठे लागलं की रक्त थांबायचं नाही, गुडघे सुजून भोपळ्याएवढे व्हायचे. म्हणून तर चष्मे बनवायचा, बसून करायचा धंदा निवडलेला. रक्त गोठावं म्हणून दोघंही एकाच दवाखान्यात, एकाच खोक्यातल्या बाटल्यांची इंजेक्शनं घेत. परक्यांच्या रक्तापासून बनवलेलं ते औषध. त्यातूनच एचआयव्ही आला आणि थोरला खंगत चालला.

आता आपली पाळी, असं धाकट्याने धरूनच ठेवलं. ठरत आलेलं लग्न स्वतःहून मोडलं. ती मुलगी दुसऱ्या घरी गेली. पण त्याच्या रक्तात काहीच सापडेना. त्याने पुन्हा पुन्हा तपासून घेतलं, तरी तेच. आनंद व्हायचा सोडून तो घरात चोरासारखा वावरायला लागला, थोरल्यासमोर पोटभर जेवेनासा झाला.

"माझ्या वाटचं काही खाल्लेलं नाहीस तू," भिंगाची कड घासता घासता थोरला एकदा म्हणाला. "दोघं आडवे झालो असतो तर दुकानाचं शटर कोणी उचललं असतं? माझ्याच्याने कधी उचललंय ते?"

धाकटा हसला, आणि मग बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिला.

पुढे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळी तपासणी करून दोघांना आईसकट बोलावलं. हा विषाणू पेशीत शिरताना जिला धरतो, ती कडीच धाकट्याच्या पेशींवर नाही, असं त्यांनी समजावलं. आईबाप दोघांकडून तशी ठेवण आली तरच हे होतं. जे जे वाचतात त्या सगळ्यांचं कारण हेच नसतं, कित्येकांचं कोडं अजून सुटलेलं नाही, हेही सांगितलं.

रक्ताचं दुखणं आईकडून येतं, हे सासरच्यांनी तिला उठताबसता ऐकवलं होतं. तिने हळूच विचारलं, "म्हणजे हेही माझ्याकडूनच?"

"निम्मं तुमच्याकडून, निम्मं यांच्या वडिलांकडून."

"मग थोरल्याला का नाही दिलं मी?"

ते कुणाच्या हातात नसतं, एवढंच बाई म्हणाल्या. धाकट्याची नजर वर होईना.

"मला तुझं नाक दिलंस ना, आई," थोरला म्हणाला. "तेवढं पुरे."

नव्या गोळ्या आल्या आणि थोरला सावरला. संशोधनासाठी धाकटा अजूनही अधूनमधून रक्त द्यायला जातो. सुई काढल्यावर कापसाचा बोळा बराच वेळ दाबून धरावा लागतो. तो बोळा थोरला धरतो, आणि तेवढ्यात नर्सबाईंच्या चष्म्याची दांडी सैल झालीय, हे त्यांच्या कानावर घालतो.