कुठे, कोणाकडे, परत कधी

पोलीस भरतीत उंचीला बोटभर कमी भरले आणि त्या दिवसापासून मला घरात बसवेना. ओट्यावर गेले की आत यावंसं वाटायचं, आत आले की बाहेर. आई म्हणायची, "तुन्हा पायले भिंगरी बांधेल शे."

तिच्या मनात नर्सिंग होतं. दवाखान्यातली नोकरी म्हणजे सावलीतली, असं तिचं म्हणणं. बाबांना वाटे, मी आधी बीए पूर्ण करावं. मला मात्र अंगावर गणवेश हवा होता, खाकी नाही तर निळा. पहाटे रस्त्यावर धावून कमावलेला दम पुस्तकात घालवायची माझी तयारी नव्हती. भांडले, जेवणावर रुसले, आणि नंदुरबारला सुरक्षारक्षकाच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. तळोद्याजवळच्या आमच्या गावाहून रोज एसटीने जायचे.

आग विझवायचं नळकांडं, बॅग तपासणं, भांडायला आलेल्या माणसापुढे आवाज न चढवणं, सगळं भराभर जमत गेलं. अडले ते गेटवर. शिकवणारे निवृत्त फौजी होते, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांचा नियम साधा होता. सामान घेऊन बाहेर निघालेल्या माणसाला तीन गोष्टी विचारायच्या: कुठे, कोणाकडे, परत कधी. उत्तर मिळाल्याशिवाय सोडायचं नाही.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून टोकत नाहीत. टोकलं की काम फिसकटतं. मग त्याने मागे फिरायचं, घडीभर टेकायचं, पाणी प्यायचं आणि मगच निघायचं. फार तर "निंघनात का?" एवढं म्हणायचं. परीक्षेत माझ्या तोंडून नेमकं तेच निघालं. एक जण काखेत खोकं मारून समोरून गेला आणि मी हसून त्याला वाट दिली. वर्ग हसला, उस्ताद हसले नाहीत. पुन्हा परीक्षा द्यायला लावली.

मग मी घरीच सराव मांडला. आई विळा घेऊन शेतात निघाली होती, तिला दारात अडवून तिन्ही प्रश्न विचारले. ती मुकाट मागे फिरली, खाटेवर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "हाई शिकाडतस का तठे?" मला संताप आला. एका शब्दाने कोणाचं काय बिघडतं, असं तिला तोडून बोलले.

दुसऱ्या खेपेला पास झाले. उस्तादांनीच सुचवलं, नुसती गेटवर उभी राहू नकोस, सुरतेला सुपरवायझरचा कोर्स कर, तिथेच कामही मिळेल. बाबा कुरकुरत तयार झाले. आई हो म्हणेना, नाही म्हणेना. भाकरी बांधली, मिरचीचा ठेचा बांधला. तिने जा म्हटल्याशिवाय निघायला माझं मन घेत नव्हतं आणि थांबायला पाय तयार नव्हते.

त्या सकाळी सुरतेची गाडी फाट्यावर यायची वेळ झाली. बॅग खांद्यावर टाकून उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवलं आणि मागून आई म्हणाली, "कोठे जाई ऱ्हायनी?"

तिने मला असं कधीच टोकलं नव्हतं. गाडी चुकेल हे कळत होतं, तरी मी मागे फिरले. खाटेवर टेकले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

"सुरतले," मी म्हटलं.

"कोनाकडे?"

"होस्टेलमा."

"कव्हय येशी?"

ते मला ठाऊक नव्हतं. मला रडू फुटलं. ती दारातून बाजूला सरकली. "जाय आते. गाडी चुकी जाई."

उत्तर मिळाल्याशिवाय सोडायचं नाही, असं मी शिकले होते. तिने मला सोडलं.