मांजर येणार म्हणून

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात दोन जीव गाजावाजा करून घरी आणले. एक मी आणि दुसरं मांजर. तयारी कोणासाठी जास्त झाली ते मी सांगते, निवाडा तुम्ही करा.

मी कर्जतची. वडिलांचं किराणा दुकान, घराला फरशी, न्हाणीला दार. सत्तर सालाच्या आसपास लग्न होऊन लोधिवलीशेजारच्या गावात आले, तर न्हाणीला दाराच्या जागी गोणपाट लटकत होतं. वारा सुटला की माझ्या अब्रूचा काही विचार न करता ते वर जायचं. मी एका हाताने अंगावर पाणी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने गोणपाट धरून बसायची. सासऱ्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "बघू, कापनी होऊ दे." कापणी झाली, झोडणी झाली, गोणपाट होतं तिथंच होतं.

मी तरी किती बोलणार? माझ्या आधी सासूबाईंचा नंबर होता. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांची तीन वर्षांची मागणी एकच होती: माजघराच्या भिंतीतली घुशींची बिळं बुजवा. घर शेताला लागून, भिंती मातीच्या. घुशी बाहेरून भिंतीखाली उकरत यायच्या आणि थेट बियाण्याच्या कणगीशी डोकं वर काढायच्या. मी यायच्या आदल्या वर्षी त्यांनी कणगीचा तळच फस्त केला. पेरणी तोंडावर आणि घरात बियाणं नाही. आत्याबाईंना सूप घेऊन कुंपणापलीकडे धाकट्या जावेच्या दारात उभं राहावं लागलं. जावेनं भात दिलं, चांगलं दोन सुपं भरून दिलं, आणि मग वर्षभर विहिरीवर त्याचं कीर्तन केलं.

"यंदा तिच्या दारात सूप घिऊन मी जायची नाय," आत्याबाई म्हणायच्या.

"अगं, घूस हाय ती," सासरे ओटीवर पानाला चुना लावत म्हणायचे. "आज बुजवलं का उद्या उकरंल. घुशीशी कोन हुज्जत घालतो?"

एकदा दुपारी जेवायला वाढताना आत्याबाई अगदी सहज म्हणाल्या, "अवो, कशेळ्याला माज्या बहिनीकडं मांजर व्यालीय. येक पिल्लू आनावं का? तुमाला जनावरातलं कळतं म्हनून इचारते."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. आपल्याला जनावरातलं कळतं हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं, या बाईने तर नाहीच नाही.

"मांजर आननं म्हंजे खेळ वाटला का?" ते ताठ बसून म्हणाले. "सून आनन्यासारखं हाय ते. पयले आठ दिवस घरात रमलं पायजे. निसटलं का गेलंच!"

सून पाठीमागे ताक घेऊन उभी होती. तिनं गोणपाटाकडे पाहिलं आणि ताक वाढलं.

"निसटंल कुठनं? दारं लावू की," आत्याबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "ती बिळं तेवडी हायती. पिल्लू मुठीयेवडं... पन जाऊ द्या. तुमाला कुठं येळ हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सासरे धोतराचा काचा मारून भिंतीपाशी उकिडवे! नवऱ्याला कामावर रजा टाकायला लावली. हळदीलासुद्धा त्याला एकच दिवस रजा मिळाली होती, मांजरासाठी तीन मिळाल्या. ओढ्यातले गोटे आले, फुटक्या बाटल्यांच्या काचा आल्या, मुरूम आला, चुना आला. सासरे प्रत्येक बिळात काठी घालून खोली बघायचे आणि वैद्यासारखी मान हलवायचे. रस्त्यानं जाणारा कोणी थांबला की काम बंद आणि व्याख्यान सुरू.

"काय चाललंय, दादा?"

"मांजराची येवस्था! आदी घर बांदून घ्यावं लागतं. कुनी बी उठून मांजर आनू नाय शकत, बाबा."

मागून आत्याबाई शेणानं लिंपत जायच्या. दूध शिंक्यावर चढलं, सुकटीच्या डब्यावर पाटा आला, घमेल्यात राख तयार झाली आणि चुलीजवळच्या टोपलीत मांजरासाठी मऊ चौघडी पडली. ती माझ्या रुखवतातली होती.

मग सासरे जातीनं कशेळ्याला गेले आणि यष्टीनं पिल्लू घेऊन आले, तोंड बांधलेल्या पिशवीत. वाट दिसली की मांजर परत जातं म्हणे. अंगणात आल्यावर दिशा विसरावी म्हणून पिशवी छातीशी धरून त्यांनी स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या. तिसऱ्या गिरकीला दिशा तेच विसरले आणि गोठ्याकडे निघाले. नवऱ्यानं धरून पायरीवर बसवलं. पिल्लू मात्र पिशवीतून निघालं, घरात गेलं, चौघडी हुंगली आणि सुपात जाऊन झोपलं.

ते जे झोपलं ते झोपलंच. त्या मांजरानं घूस तर सोडा, झुरळ आलं तरी पाय पोटाशी घ्यावेत. सासरे म्हणायचे, "नुसत्या वासानं पळाल्या घुशी! जातच तशी हाय."

पेरणीआधी कणगी फोडायचा दिवस आला. आत्याबाईंनी तोंडावरचं लिंपण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मी कंदील जवळ धरला. मग त्यांनी मूठ भरून वर काढली. भात पिवळंधमक, टपोरं, एका दाण्याला दात लागला नव्हता. कणगीला पाठ टेकून त्या जमिनीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडताहेत. जवळ गेले तर हसत होत्या.

आणि त्याच आठवड्यात कुंपणापलीकडची धाकटी जाऊ दारात उभी राहिली. हातात सूप.

"अक्का, घुशींनी पार धुऊन नेलं गं. औंदा आमच्याच घरात कश्या शिरल्या काय म्हाईत."

आत्याबाईंनी चार सुपं घातली. वर शीग. विहिरीवर कधी अवाक्षर काढलं नाही. जाऊ निघताना म्हणाली, "तुमचं मांजर तरी द्या गं, आठ दिस."

"ने की," आत्याबाई म्हणाल्या. "पन बाई, मांजर आनायचं म्हंजे घराची तयारी लागती. भावजींना म्हनावं, आमच्या ह्यांना इचारा. त्यांना जनावरातलं लई कळतं."

त्या संध्याकाळी भांडी घासताना मी हळूच विचारलं, "आत्याबाई, त्या मांजरानं एक तरी घूस धरली का हो?"

"गप गं," त्या म्हणाल्या. "त्याचं काम त्यानं पिशवीत शिरायच्या आदीच केलं." मग वाऱ्यावर फडफडणाऱ्या गोणपाटाकडे बघत आवाज चढवून ओटीकडे म्हणाल्या, "अवो, आता कुत्रा आनू या का वो? फकस्त त्या न्हानीत शिरंल, घान करंल. उघडीच हाय ना ती..."

ओटीवर अडकित्ता थांबला.

आठवड्याच्या आत दार बसलं. सागाचं, आतून कडी. मी दोन्ही हातांनी पाणी घेतलं, गाणं म्हणत. कुत्रा अजून यायचाय.