डॅन्यूबकाठची खांदशेकणी

लांबच्या प्रवासात माणसाला स्वतःची खरी भेट मुक्कामाच्या दिवशी होते, असं मी निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. डॅन्यूब नदीच्या काठानं आठ दिवस सायकल हाणल्यावर, हंगेरीतल्या एका लहानशा गावात आम्ही पहिला पूर्ण दिवसाचा मुक्काम केला. सकाळभर मी चड्ड्या धुतल्या. स्वतःची भेट काही झाली नाही. डाव्या गुडघ्याची झाली. तो रात्रीतून नारळाएवढा झाला होता.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाड गावचा शाळासोबती. मी बुलढाण्याला ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, तो गुरांच्या दवाखान्यातून. ही सफर आम्ही चहाच्या टपरीवर नकाशा पसरून इतक्या वेळा पार पाडली होती, की खरोखर निघालो तेव्हा घरच्यांना धक्का बसला. ही नदी समुद्राला मिळते ती जागा त्याला बघायची होती. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

म्हणून गुडघा मी लपवला. पण गुरांच्या डॉक्टरांबरोबर जन्म काढलेल्या माणसापासून लंगडणं किती वेळ लपणार? त्यानं मला अंगणातल्या खडीवर उभं केलं.

"चाल बे जरा. आता पलट."

बाजारात बैल घेताना बघतात तसा तो मागून, मान तिरपी करून बघत राहिला.

"मागच्या डाव्यात हाये तुया."

"मले मागचेच हायेत."

"बोलू नको. जनावर बोलत नाही म्हनून लवकर बरं होते." त्यानं गुडघा दाबून पाहिला. "उद्या सकाळी उतरलं तं पुढं. नाई तं दोघंबी घरी."

"तू काऊन? तू जा ना पुढं."

"कोनासंग? दिवसभर शिव्या कोनाले देऊ?"

आणि पाठ फिरवून तो माझ्या चड्ड्या वाळत घालायला लागला. मी धुतलेली एकही चड्डी त्यानं पुन्हा पिळल्याशिवाय दोरीवर टाकली नाही.

दुपारी त्याच्या धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ झाली होती आणि दुसऱ्या दिवशी पोळा होता. फोनमध्ये आधी नुसतं एक ओलं नाक दिसलं. मग भाऊ दिसला, पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला हळद आणि कोमट तूप चोळत. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना आदल्या दिवशी असं शेकायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, अशी आमच्याकडची रीत.

आमचं घर पोस्टातल्या नोकरीवर चाललेलं, बैल नव्हतेच. खांदशेकणीला मी मित्राच्या गोठ्यात जायचो. वाटी माझ्याकडे, पान त्याच्याकडे. तूप लागलं की बैलाची कातडी पाण्यावर वारा गेल्यासारखी थरथरायची आणि मग तो डोळे मिटायचा. पिवळे हात घेऊन मी घरी गेलो की आई दारातच थांबवायची. जोडीतल्या थोरल्या बैलाला मित्र वाकून, अगदी वडीलधाऱ्यांशी बोलावं तसं आवतन द्यायचा. या सगळ्याची आठवण त्या परक्या अंगणात एकदम अंगावर आली आणि मी उगाच दोरीकडे बघत बसलो.

"काय बघतं? पाय लांब कर," मित्र म्हणाला.

खिचडीसाठी आणलेली हळद त्यानं काढली. घरमालकीणबाईकडून लोणी आणलं, खुणांनी. बाई माझा गुडघा बघायला मागोमाग आल्या, मान हलवून आत गेल्या आणि कोबीचं एक मोठं पान लाटण्यानं ठेचत बाहेर आल्या. सुजेवर तेच बांधायचं असतं, असं त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं. मित्रानं पान उलटसुलट करून पाहिलं.

"हाव, चालते. पळस नाई भेटत इकडे."

हळद-लोणी चोळून त्यावर कोबी बांधला गेला. मग तो वाकला आणि माझ्या गुडघ्याला म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मी हसलो. तो हसला नाही. सूज उतरण्याची गरज माझ्यापेक्षा त्याला जास्त होती.

सकाळी सूज निम्म्यानं उतरली होती. बाईंची पांढरी चादर मात्र कायमची पिवळी झाली होती. मित्रानं पुन्हा खडीवर चालवलं आणि "घ्या, जुंपा" एवढंच म्हणाला. खूश झाला की तो मला अहोजाहो करतो. रस्ताभर तो हळदीचे, लोण्याचे आणि क्वचित कोबीचे गुण सांगत होता. बारा दिवसांपूर्वी घरी परतलो, तोवर तेच सांगत होता. आता ऐकणारे बदललेत, म्हणून मी तक्रार करत नाही. आम्ही समुद्रापर्यंत गेलो. गुडघा पुन्हा दुखला नाही.

निघताना बाईंनी मला सीटवर, गुडघे छातीशी येईतो आखडून बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी मला उतरवलं, खटका सैल करून सीट चार बोटं वर केली आणि ब्रेड आणायला निघून गेल्या.