नाही म्हणणारी वर्ना

आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. नावडतं जेवण "वेगळंच आहे हं!" म्हणत गिळतात, न पटलेलं बोलणं "बघू या" म्हणून टांगून ठेवतात. गाडीत बसून दार लावेपर्यंत चेहऱ्यावरचं हसू उतरू देत नाहीत. आयोवातल्या या गावात माझी हयात गेली, त्यामुळे हे ऐकीव नाही. गावात तोंडावर नाही म्हणणारी एकच बाई, माझी शेजारीण वर्ना हूकस्ट्रा.

वर्नाने आयुष्यभर शाळेची बस चालवली. आज पोट सुटलेले बाप्येसुद्धा रस्त्यात ती दिसली की सरळ चालायला लागतात. नवरा गॉर्डन गेल्यावर तिने शेत भाच्याला कसायला दिलं, घर आणि अंगण तेवढं ठेवलं आणि एक भली मोठी व्हॅन घेतली. कॉलेजच्या स्वागत समितीची नजर त्या व्हॅनवर गेली. परदेशातून येणारे अभ्यासक हिंडवायला त्यांना गाडी हवी होती. वर्ना चक्क हो म्हणाली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "बर्फात त्या कँडेसला चालवताना पाहिलंयस? पाहुणे जिवंत परत जायला नकोत?"

कँडेस व्हिटकोम समितीची अध्यक्ष. तिच्याबद्दल सगळे म्हणतात, चांगली बाई आहे. आहेच. तिच्या चांगुलपणाची गाडी कुणाच्याही अंगावरून जाते आणि वर तिलाच फुलं मिळतात. पाहुणा मंगोलियाचा असो की घानाचा, भाषा शिकायला आलेला असो की धरणं बघायला, दर शनिवारी त्याला तेच दाखवायचं: छपराचे लाकडी पूल, हायवेवरचं दुमजली उंचीचं सिमेंटचं मक्याचं कणीस, डच पवनचक्की आणि शेवटी मिनेसोटातला प्रचंड मॉल. प्रत्येक ठिकाणी फोटो. तुला काय बघायचंय, हा प्रश्न या समितीच्या इतिहासात कुणी विचारलेला नाही.

झिबेक ओमारकुलोवा जानेवारीत आली, कझाकस्तानातून. चाळिशीची, ठेंगणी, कमी बोलणारी बाई, सफरचंदांची अभ्यासक. पहिलं जेवण कँडेसच्या घरी होतं. हॅम, चीज घालून भट्टीत भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल आणि हिरव्या जेलीत अडकवलेलं किसलेलं गाजर. वर्ना होती, मी होते. झिबेकने हॅम न घेता बटाट्यावर भागवलं आणि गोड खाणं येण्याआधीच कामाचं बोलून टाकलं.

"तुमच्या कॉलेजच्या जुन्या शेडमागे एक सफरचंदाचं झाड आहे. त्याचं बी आमच्या डोंगरातलं आहे. तुमचे एक प्राध्यापक आले होते, माझ्या सरांनी त्यांना आमच्या रानातलं झाड दाखवलं. तिथे आता बंगले झालेत. ते झाड गेलं. हे एकच उरलंय. मला त्याचं काहीतरी घरी न्यायचंय. बोटाएवढ्या काड्या, कलमासाठी. कळ्या फुगायच्या आत कापाव्या लागतील. परवाने मी काढून आणलेत."

कँडेसने छातीवर हात ठेवला. "किती गोड! ते सगळं माझ्यावर सोड, हनी."

आणि ती सगळ्यांसाठी कॉफी आणायला आत गेली.

झाड कुंपणाआड होतं. तिथे गाड्या लावायला नवी जागा होणार म्हणून कॉलेजने तो भाग बंद केला होता. झिबेकने स्वतः कचेरीत जाऊन विचारलं, तर उत्तर मिळालं, "त्या झाडाबद्दल समितीने आमच्याशी बोलून ठेवलंय, तुम्ही निश्चिंत राहा." ती निश्चिंत राहिली. पाहुण्यांनी यजमानांवर विश्वास ठेवायचा असतो, असं तिच्या घरी शिकवलं होतं. आमच्याकडे यजमानांना काय शिकवतात, कोण जाणे.

शनिवारमागून शनिवार गेले. पूल झाले, पवनचक्की झाली. वर्ना पुलावर उतरायची नाही, व्हॅनमध्ये शब्दकोडं सोडवत बसायची. झिबेक पुढच्या सीटवर तिच्या शेजारी. पुढेपुढे तीही उतरेना. दोघी थर्मासमधला चहा पीत बसायच्या.

"ते तुझं झाड ना," वर्ना एकदा म्हणाली, "त्याची सफरचंदं मुलं बसमध्ये आणायची. खायला नाही, एकमेकांना मारायला. डुक्करसुद्धा थुंकेल इतकी आंबट."

झिबेक खळखळून हसली. वडीलधाऱ्या बाईला त्यांच्याकडे 'अपा' म्हणतात. "आंबटच असतात, वर्ना अपा! पण त्या झाडाला कधी कीड लागलेली पाहिलीत?"

"मी झाडांकडे बघत नाही. आरशात बघते, मागे कोण मारामारी करतंय ते."

थोड्या वेळाने वर्नाच म्हणाली, "काड्यांचं काय झालं?"

"कँडेस म्हणतात, धीर धर."

वर्नाने त्याच संध्याकाळी कँडेसला गाठलं. "तिला त्या झाडाकडे नेणार आहेस की नाही?"

कँडेसने डोळा मारला. "शू! गुपित आहे. तू फक्त तिला मॉलला घेऊन जा. पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल ठरवलंय, रात्रभर राहा, मजा करा!"

वर्ना घरी येऊन मला म्हणाली, "या बाईचं गुपित म्हटलं की मला धडकीच भरते." पण मॉलला गेली. मीही गेले. झिबेकने तिथे लोकरीचे मोजे घेतले आणि उरलेला वेळ एका बाकावर बसून काढला. परत आलो तेव्हा कुंपणाला उंच हिरवं कापड लावलेलं होतं. आत काही दिसत नव्हतं. बांधकाम म्हटलं की कापड आलंच, म्हणून कुणी विचारलं नाही.

मार्चअखेर चर्चच्या तळघरात निरोपाचं जेवण झालं. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणलेला, भांड्यांना खाली नावाच्या चिकटपट्ट्या. कँडेसने झिबेकसाठी भरतकामाचं जाकीट आणलं होतं.

"हे कुठल्या देशाचं?" वर्नाने विचारलं.

"मला वाटतं त्याच बाजूचं. रंगीत आहे ना!"

झिबेकने ते मुकाट्याने कोटावर चढवलं. मग चमचा पेल्यावर वाजला, कँडेस उभी राहिली आणि रिबीन बांधलेलं खोकं पुढे आलं. आत चिरण्याची लाकडी फळी. आमच्या राज्याच्या नकाशाच्या आकाराची, वर डागून काढलेलं झिबेकचं नाव आणि खाली एक बदाम.

"तुला त्या झाडाचं काहीतरी घरी न्यायचं होतं ना?" कँडेसचे डोळे भरून आले होते, खरेच भरले होते. "हनी, हे तेच झाड! तुम्ही मॉलला होता तेव्हा पाडलं. तसंही ते जाणारच होतं. मी कचेरीत हात जोडले, म्हटलं आमच्या पाहुणीसाठी एक तुकडा ठेवा!"

टाळ्या. मी बघत होते झिबेककडे. ती फळीवरून अंगठा फिरवत राहिली, डॉक्टर नाडी बघतात तशी.

"फांद्या?" ती म्हणाली. "फांद्या कुठे आहेत?"

"त्यांचा भुसा करून फुलांच्या वाफ्यांत घातला. काही म्हणजे काही वाया जाऊ दिलं नाही!"

"आभारी आहे," झिबेक म्हणाली. पुन्हा टाळ्या.

"नाही," वर्ना म्हणाली.

ती मागच्या टेबलाशी उभी होती, हातात कागदी बशी. "आभारबिभार नाही. कँडेस, हिने तुझ्या जेवणाच्या टेबलावर काड्या मागितल्या. बोटाएवढ्या. मी तिथेच होते. काड्या कापायला कात्री लागते. तू करवत नेलीस."

"वर्ना, प्लीज, आज नको. आमचा हेतू—"

"तुझा हेतू तू घरी ने. त्याच्यावर डाग तुझं नाव."

मग कुणीतरी म्हणालं, "कॉफी गरम आहे हं," आणि सगळे भांड्यांची झाकणं उघडून बघायला लागले. पन्नास वर्षं मी या लोकांत काढली, पण त्या झाकणांचा आवाज आठवला की अजून माझं डोकं फिरतं. हेतू चांगला होता! हे वाक्य इथे पोलिसांच्या बिल्ल्यासारखं दाखवतात, की लगेच वाट मोकळी. समोरच्याचं ऐकून न घेणं हा अपमान आहे, मग वर कितीही रिबिनी बांधा.

झिबेकने मात्र एक शहाणा प्रश्न विचारला. "बुंधा अजून आहे?"

"सोमवारी उपटणार," कुणीतरी खाली बघत म्हणालं.

"ते झाड कलमाचं नव्हतं, बियांचं होतं," झिबेक वर्नाकडे वळली. "म्हणजे मुळंही त्याचीच. मुळाच्या तुकड्यातून तेच झाड येतं. कधी कधी."

"मग उभी काय राहिलीस?" वर्ना म्हणाली. जाताना तिने चर्चच्या स्वयंपाकघरातली हॅम कापायची सुरी उचलली. बर्फ उपसायचं फावडं व्हॅनमध्ये असतंच.

रविवार असल्यामुळे कुंपणाशी कुणी नव्हतं. वर्नाने फाटकाला खांदा लावला, खांबच कलला. आत चिखल, आणि मधोमध ताजा पिवळट बुंधा. झिबेक ते भरतकामाचं जाकीट घालूनच गुडघ्यांवर बसली. वर्ना खणत होती, झिबेक पेन्सिलीएवढी मुळं सुरीने कापत होती, मी ती ओल्या टेबलरुमालात गुंडाळत होते. कुणी रडलं नाही. वर्ना फावड्याच्या प्रत्येक घावाला एक शिवी देत होती, आणि शाळेच्या बसवर इतकी वर्षं काढलेल्या बाईचा शिव्यांचा साठा लहान नसतो.

निघताना व्हॅन चिखलात रुतली. चाक जागच्या जागी फिरायला लागलं.

"काहीतरी खाली घालायला हवं," वर्ना म्हणाली.

झिबेकने मागच्या सीटवरून फळी घेतली, नाव खाली करून चाकापुढे ठेवली. "ओलं लाकूड आहे. तशीही तडकणारच होती."

फळी कडाडली, व्हॅन बाहेर आली.

परवाने काड्यांचे होते, मुळांचे नव्हते. मातीतलं मूळ विमानातून नेता येत नाही.

"म्हणजे माझ्या अंगणात?" वर्ना म्हणाली. "मला झाडांची हौस नाही. बजावून ठेवते."

"फक्त पाणी, वर्ना अपा. आणि सशांपासून राखायचं."

"पाणी घालीन. गप्पा मारणार नाही त्यांच्याशी."

झिबेक गेली. बहुतेक मुळं जमिनीतच कुजली. थोड्यांना धुमारे आले, ते सशांनी खाल्ले. एक वाचलं, कारण वर्नाने त्याच्याभोवती कोंबड्यांची जाळी लावली आणि पुढे आठवडाभर संध्याकाळी व्हॅन अंगणात आडवी लावून दिवे त्याच्यावर रोखून ठेवले. मी म्हटलं, "बॅटरी उतरेल." म्हणाली, "उतरू दे." दोन हिवाळ्यांनी ते हातभर झालं. वर्नाने स्वतः काड्या कापल्या आणि नव्या परवान्यांसह झिबेककडे रवाना केल्या. उन्हाळ्यात फोटो आला: कुठलंसं रोप, दोऱ्याने बांधलेलं, वर दोन पानं. वर्ना फोटोकडे बघत म्हणाली, "हे एवढंसं?" आणि तो फ्रिजवर लावला, गॉर्डनच्या शेजारी.

परवा कँडेस तिच्या दारात आली, केळ्याचा ब्रेड घेऊन. मी आतच बसले होते.

"वर्ना, किती सुंदर झालं ना शेवटी सगळं! आम्ही ठरवलंय, या वर्षीपासून शनिवारच्या फेरीत तुझं अंगण घ्यायचं. पवनचक्कीनंतर. पाहुण्यांना झाड दाखवू, गोष्ट सांगू. छोटी पाटीही करू, समितीच्या नावाची."

वर्नाने ब्रेड घेतला नाही. जाळीच्या दारातूनच बोलली.

"नवीन कोण आलंय?"

"नेपाळचे एक गृहस्थ. अगदी लाघवी."

"त्यांना काय बघायचंय?"

कँडेस हसली. हसतच राहिली. तिला माहीत नव्हतं.

"जा आणि विचारून ये," वर्ना म्हणाली आणि दार लावलं.

गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. वर्ना खिडकीशी जाऊन उभी राहिली, पडदा सारून. "अजून हसतेच आहे बघ," म्हणाली, आणि झाडाला पाणी घालायला मागच्या दाराने गेली.