चार पावलांची जागा

"काका, वरात हलून न्हाई राह्यली."

फोनवर इम्रान होता. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. लग्न जाफराबादला, मुहूर्त साडेअकराचा. मी जालन्यात माझ्या स्टुडिओत होतो, म्हणजे तिथून दीड तास लांब.

"आवाज फाटतोय का?" मी विचारलं.

"आवाज बिलकुल बराबर हाय."

"मशीन अडकतंय?"

"न्हाई हो. लोकं नाचून राह्यले. खूप नाचून राह्यले. त्याचाच तर वांधा हाय. धा वाजता मारुतीच्या देवळापासून निघाल्तो. आता कुठं हाय सांगू? देवळाचा कळस दिसून राह्यला मला अजून."

त्याच्या मागे एस.टी.चा हॉर्न ऐकू येत होता. लांब, सलग. आणि हॉर्नच्याही वर सत्तारभाईंचा ताशा वाजत होता. सत्तारभाई म्हणजे इम्रानचे वडील. ते वारले त्याला तेव्हा पाच महिने झाले होते.

ताशा त्यांचाच होता, पण तो मशीनमधून येत होता. ते काम माझं. म्हणून फोन मला आला होता.

नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझी एक खोली आहे. भिंतींना गोधड्या लावल्या आहेत, म्हणजे आवाज घुमत नाही. एका बाजूला माइक, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर, आणि घरात मावली नाहीत म्हणून आणलेली पुस्तकं एका रॅकवर. बियाणं कंपन्यांच्या जाहिराती, रिक्षावर फिरणाऱ्या अनाउन्समेंट, शाळांची स्वागतगीतं, आणि वर्षातून एकदा गाणारे एक डॉक्टर. एवढ्यावर माझं चालतं.

या कामात लूप लागतो. लूप म्हणजे वाजवलेला एक छोटा तुकडा, समजा आठ मात्रांचा, जो असा कापायचा की त्याचा शेवट त्याच्याच सुरुवातीला चिकटेल. मग तो कितीही वेळ वाजत राहतो. बांगडीला जसं टोक सापडत नाही तसं ऐकणाऱ्याला कापलेलं सापडता कामा नये. सापडलं तर काम कच्चं. माझं सहसा सापडत नाही, याचा मला थोडा अभिमान होता.

सत्तारभाई आणि माझी ओळख बावीस वर्षांची. त्यांचा बँड त्यांच्या वडिलांपासूनचा. ते ताशा वाजवत. ताशा म्हणजे गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवायचं पसरट वाद्य. लग्नसराई नसली की दुपारी ते माझ्याकडे येऊन बसत. मी वाचत असलो की विचारत, "मास्तर, पुढं काय झालं?" मी कधीच मास्तर नव्हतो. पुस्तकं दिसली म्हणून त्यांनी मला मास्तर करून टाकलं. मग मी त्यांना गोष्ट सांगायचो. ते चहा पीत ऐकायचे, आणि न पटलेल्या ठिकाणी पात्रांना नावं ठेवायचे. शेवटच्या कादंबरीत आम्ही एकशे ऐंशीव्या पानापर्यंत आलो होतो. त्या पानात अजून बसचं तिकीट आहे.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांना ताशा बंद करायला सांगितला. हृदय थकलं होतं. इम्रान पॅड वाजवतो. पॅड म्हणजे काठीने ठोकलं की आत भरलेला आवाज निघतो ते यंत्र. त्याला ताशा येत नाही. लहानपणी बापाने दोनदा शिकवायला घेतलं आणि दोनदा काड्या फेकून दिल्या, असं तो स्वतःच सांगतो. म्हणून सत्तारभाई एक दिवस ताशा घेऊन माझ्याकडे आले.

"मी हाय तवर घ्या भरून," म्हणाले.

चार दुपारी आम्ही रेकॉर्डिंग केलं. ताशाचं कातडं सैल पडलं की शेकावं लागतं. मी रद्दी द्यायचो, ते अंगणात जाळायचे. मराठी त्यांना वाचता यायचं नाही. जाळायच्या आधी मला म्हणायचे, "काय लिवलंय ते सांगा. उगं कुणाच्या मयताची बातमी जळायची."

मी म्हटलं, ताशा स्टँडवर ठेवतो, तुम्ही खुर्चीत बसा. त्यांनी ऐकलं नाही. "बसून गाणं व्हतं, मास्तर. ताशा न्हाई होत." उभ्यानेच वाजवला. वाजवतानाही एका जागी थांबत नव्हते. मध्येच हात उचलायचे, दोन-तीन सेकंद काहीच वाजवायचे नाहीत, आणि मागे सरकायचे. एकदा त्यांची पाठ पुस्तकांच्या रॅकला लागली आणि वरची दोन पुस्तकं खाली आली.

"सत्तारभाई, माइक इकडे आहे. हलू नका."

"बराबर," म्हणाले, आणि पुन्हा हलले.

"आणि मध्ये थांबता का? दम लागतोय का?"

"दम न्हाई. आदत हाय."

मला ते दमामुळेच वाटलं. आजारी माणूस, खोटं बोलत असणार. रात्री बसून मी त्या सगळ्या थांबण्याच्या जागा कापल्या. पाय घासल्याचा आवाज कापला, पट्ट्याची कडी वाजली तीही कापली. उरला तो शुद्ध ताशा. त्याचे सहा लूप केले आणि इम्रानच्या पॅडमध्ये भरले. सत्तारभाईंना ऐकवले. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "लई साफ हाय." मी ते कौतुक समजलो.

श्रावणात ते गेले.

आता पुन्हा जाफराबाद. तिथलं लग्न एक वाजायला दहा मिनिटं असताना लागलं. इम्रानने मध्ये एकदा आवाज बंद करून पाहिला होता. तेव्हा सगळी पोरं पॅड आणि स्पीकर ठेवलेल्या टेम्पोभोवती गोळा झाली आणि पुन्हा सुरू होईपर्यंत हलली नाहीत. एस.टी.तले काही प्रवासी उतरून नाचायला लागले होते. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि दोन दिवसांत तो आमच्या पूर्ण जिल्ह्याने पाहिला.

तिसऱ्या दिवशी इम्रान स्टुडिओत आला. सोबत एक गृहस्थ होते. शहागडचे, खतांचं दुकान, आठ दिवसांनी त्यांच्या भाच्याचं लग्न. इम्रानने ओळख करून दिली, "हे नवरदेवाचे मामा." त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"व्हिडिओ पाह्यला मी," मामा म्हणाले. "तुमीच केला का तो बाजा?"

"हो."

"चांगला हाय. पण आमचं कार्यालय हायवेला लागून हाय. तिथं एस.टी. न्हाई, ट्रक येतेत. ट्रकवाला हॉर्न वाजवत बसत न्हाई."

"मी बघतो काय करता येईल."

"बघा. आन् इम्रान, तुझ्या अब्बांनी माझं लग्न वाजवल्तं. म्हणून आलो, न्हाईतर फोनवरच नको म्हणलो असतो. पण खरं सांगू का, तो ताशा काढून टाक. मोबाइलवर भेटतेत की आजकाल रेडिमेड बाजे. तसला एखादा लाव."

ते गेल्यावर इम्रान बराच वेळ पॅडच्या वायरी गुंडाळत बसला.

"मामा म्हणाले तसंच बाकीचे पण म्हणून राह्यले," तो म्हणाला. "आणखी दोघांचे फोन आल्ते. शहागडला पण असंच झालं ना काका, तर या सीझनला कुणी बोलवायचं न्हाई. अकरा माणसं हायेत माझ्याकडं. मंग मला अब्बांचा ताशा काढावाच लागंल."

"आठ दिवस दे."

"सातच हायेत. आजचा गेला."

पहिल्यांदा मला वाटलं, ताशाची लय जास्त जलद आहे. ती थोडी उतरवली. इम्रानने दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांसमोर वाजवून पाहिलं. ती हळू नाचली, पण जागेवरच नाचली. मग मला वाटलं, सारखं तेच ते वाजतंय म्हणून असेल. सहा लूप आलटूनपालटून लावले. आता पोरं सहा प्रकारे नाचली. जागेवरच.

चौथ्या दिवशी इम्रानने मला एक जुनी लग्नाची सीडी आणून दिली. त्यात सत्तारभाई वाजवत होते. वडिलांना पाहायचं म्हणून घरच्यांनी ती शोधून ठेवली होती. मी ती दुपारी लावली. खरं सांगायचं तर कामासाठी नाही लावली. आवाज सुरू झाला आणि मला तो ऐकवेना, म्हणून मी आवाज बंद केला आणि नुसतं पाहत बसलो.

आवाज नसताना वरात वेगळी दिसते. सत्तारभाई सगळ्यांच्या पुढे, नाचणाऱ्यांकडे तोंड करून उभे. काड्या इतक्या जोरात चालल्या होत्या की दिसत नव्हत्या. पोरांचे हात वर. मग काड्या एकदम थांबल्या. पोरांचे हात खाली आले. कुणी घाम पुसला, कुणी शर्ट खाली ओढला. तेवढ्यात सत्तारभाई मागे सरकले. एक, दोन, तीन, चार. त्यांच्या आणि पोरांच्या मध्ये चार पावलांची मोकळी जागा पडली. पोरं चालत पुढे आली आणि त्या जागेत उभी राहिली. काड्या पुन्हा सुरू. हात पुन्हा वर.

मी ती सीडी तीनदा पाहिली. चार पावलं, मग नाच. चार पावलं, मग नाच. वरात अशीच पुढे जात होती. कुणी कुणाला चला म्हणत नव्हतं. नवरदेवाचे वडील मागे निवांत बोलत चालले होते. गर्दी रेंगाळली की सत्तारभाई लवकर थांबत, रस्ता मोकळा असला की उशिरा.

माझ्या लूपमध्ये पुढं काही होत नाही. तो संपत नाही, म्हणून माणसाला चालायची वेळच येत नाही. मी दम समजून जे कापलं होतं ते वरात चालवायचं काम होतं.

कापलेले तुकडे मी सहसा ठेवत नाही. पण हार्ड डिस्कवर 'वेस्ट' नावाचं एक फोल्डर आहे, ते रिकामं करायचा मला आळस. त्यात ते सगळे होते. हेडफोन लावून एकेक ऐकले. शेवटचा ठोका, मग कडीची किणकिण, मग फरशीवर घासत मागे जाणारी चप्पल. एक, दोन, तीन, चार. एका तुकड्यात चौथ्या पावलाला पुस्तकं पडली आणि माझा आवाज आला, "माइक इकडे आहे. हलू नका." तो तुकडा मी घेतला नाही. बाकीच्यांतला एक घेतला.

संध्याकाळी इम्रान आला. मी त्याला समजावलं. एका पॅडवर वाजणारा ताशा, शेजारच्या पॅडवर थांबणारा. थांबणारा कधी ठोकायचा ते त्याने गर्दी पाहून ठरवायचं. आणि तो ठोकला की टेम्पोच्या ड्रायव्हरने गाडी चार पावलं पुढे घ्यायची. मागे जागा पडली पाहिजे.

त्याने दोन्ही ठोकून पाहिले. थांबणारा पुन्हा एकदा ठोकला. तिसऱ्यांदा ठोकला.

"काका, हे मागं काय घासून राह्यलंय?"

"तुझे अब्बा. मागे सरकतायत."

त्याने थांबणारा चौथ्यांदा ठोकला. मी म्हटलं, "काढता येतं. पाच मिनिटांचं काम आहे."

"अम्मी रोज म्हणायची त्यांना, पाय उचलून चाला, चप्पल झिजती." त्याने काठी खाली ठेवली. "राहू द्या. गर्दीत कुणाला ऐकू येतंय?"

शहागडच्या लग्नाला मी गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. टेम्पोच्या बाजूने चालत होतो. पहिल्या दोन वेळा ड्रायव्हर विसरला आणि पोरं गाडीवर येऊन आदळली. इम्रानने त्याला उर्दूत दोन शब्द सुनावले. तिसऱ्या वेळेपासून गाडी बरोबर सुटायला लागली. ताशा थांबला की हात खाली, गाडी पुढे, पोरं चालत तिच्या मागे. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. हायवेच्या कडेला एक ट्रक थांबला होता. त्याच्या क्लीनरने खाली उतरून थोडं पाहिलं आणि परत चढला. तोवर वरात निघून गेली होती.

कार्यालयाच्या दारात आम्ही मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधी पोचलो. गुरुजी अजून चहा पीत होते. त्यांना घाई करावी लागली, याचा त्यांना राग आला.

मामा भेटले. मी विचारलं, "बराबर झालं का?"

"पोचलो म्हणायचं," मामा म्हणाले. "पण पोरांना मनासारखं नाचायला न्हाई भेटलं. जाफराबादचा बाजा जास्ती भारी होता."

त्यांनी इम्रानला पुढच्या महिन्यात धाकट्या भाच्याच्या लग्नाला सांगितलं. ताशा काढायचं कुणी पुन्हा बोललं नाही.

या धंद्यात मी आता एक गोष्ट वेगळी करतो. कुणाचंही वाजवणं कापायच्या आधी त्याला वाजवताना एकदा पाहतो, आवाज बंद करून. गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटतं. आवाजाचा माणूस, हेडफोन काढून ठेवतो आणि पायांकडे बघत बसतो. पण सत्तारभाईंनी मला दोनदा सांगितलं होतं, एकदा "आदत हाय" म्हणून आणि एकदा "लई साफ हाय" म्हणून. दोन्ही वेळा मी फक्त ऐकलं.