पेटीमामांच्या घराचे पाय

माझे सासरे कुठल्याही घरात शिरले की आधी भिंतीवर टकटक करायचे. चपला काढायच्या, बोटं मुडपून भिंतीवर मारायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. 'हाय' किंवा 'न्हाई'. बँक असो, लग्नाचं कार्यालय असो, त्यांच्या पोटात म्हणून काही राहायचं नाही. देवळाच्या नव्या सभामंडपाला त्यांनी भर पूजेत 'न्हाई' म्हणून टाकलं, तेव्हा पुजारीबुवांनी कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता.

मला बघायला आले तेव्हाही हेच. मी पोह्यांच्या बशा देऊन पाटावर बसले, नाव विचारतील म्हणून घसा साफ केला, आणि मागून टकटक ऐकू आली. पाठोपाठ आवाज आला, "न्हाई." माझ्या आईचा चेहरा खर्रकन उतरला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातली बशी खाली ठेवली. शेवटी नवरा मुलगाच कानकोंडा होऊन म्हणाला, "ते भिंतीचं बोलतायत. मुलीचं नाही." तेवढ्यावरून मला हा मुलगा आवडला, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

भिंतीचं मात्र ते खरंच बोलले होते. आमचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यातल्या डोंगराच्या कडेला. मी शाळेत असताना ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. पाणी यायच्या आधी अण्णांनी घर स्वतःच्या हातांनी उतरवलं. कौलं गेली, वासे गेले, राहिली ती फक्त पुढच्या दाराची सागवानी चौकट. पुनर्वसनाच्या जागेवर त्यांनी घाईघाईने चार भिंती उभ्या केल्या, पण ती चौकट काही बसवली नाही. गोणपाटात गुंडाळून पडवीत उभी करून ठेवली. कुणी विचारलं की म्हणायचे, "बसवू की. घर झालं म्हंजी बसवू." आम्ही राहत होतो त्याला ते घर मानायलाच तयार नव्हते.

अशा माणसाच्या नशिबी व्याही आला तो पेटीमामा.

नारायणगावजवळच्या वारूळवाडीत माझ्या सासऱ्यांना सगळे पेटीमामाच म्हणत. सारी उमर त्यांनी मुंबईच्या बाजूला बंदरात काढली, जहाजावरचे कंटेनर उतरवण्याच्या कामावर. कंटेनर हा शब्द मात्र त्यांनी कधी तोंडात घेतला नाही. ते पेटी म्हणायचे, तेही माहेरवाशिणीबद्दल बोलावं तसं. निवृत्त झाल्यावर माणसं गावी ट्रंक आणि वळकटी घेऊन येतात. मामा ट्रेलरवर दोन भंगारात निघालेल्या पेट्या घेऊन आले. नारायणगावच्या चौकात त्या दिवशी जीपवाले, टोमॅटोचे टेम्पो आणि एसटी सगळे एकमेकांत अडकले. लोकांना वाटलं, द्राक्षांसाठी कोल्ड स्टोरेज आलं. मामांनी ट्रेलरच्या केबिनमधून मान बाहेर काढून जाहीर केलं, "घर हाय माझं. वाट द्या, राव."

रस्त्यालगतच्या त्यांच्या तुकड्यावर त्या पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. जुन्नरचे हमीदभाई वेल्डर आले, त्यांनी दोन्ही पेट्या एकमेकींना पक्क्या जोडल्या आणि खिडक्या कापल्या. आतून बांबूच्या तट्ट्या लावून मधल्या फटीत भाताचं तूस भरलं, वर हातभर अंतर सोडून दुसरं छप्पर घातलं आणि त्यावर दुधीचा वेल चढवला. उन्हाळ्यात शेजारच्या स्लॅबच्या घरातले लोक दुपारी आमच्याकडे पडायला येत. विटांचं घर का नाही बांधलं, असं विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं. "वीट भाजायची म्हंजी झाडं जाळा, सिमेंट म्हंजी डोंगर फोडा. आन ह्या पेट्या तिकडं फुकट गंजत पडल्यात. हाय ते वापरा की!"

हे सगळं अण्णांनी पहिल्यांदा पाहिलं ते लग्न ठरवायला वारूळवाडीला आले तेव्हा. घराभोवती एक फेरी मारली. पेट्यांचे चारी कोपरे दगडी ठोकळ्यांवर नुसते टेकलेले पाहिले आणि म्हणाले, "पावणं, राग मानू नका. पण जे उचलून नेता येतं ते घर न्हवं, सामान हाय ते. माझं एक घर गेलंय. पोरीला मी पाया असल्याबिगर देणार न्हाई."

आता इथे भांडण व्हायला हवं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर खोचून तयारच होत्या. पण मामांनी अण्णांना खाली बसवलं आणि त्यांच्या गेलेल्या घराबद्दल विचारायला सुरुवात केली. किती खणांचं होतं, तोंड कुठल्या दिशेला होतं, उतरवायला किती माणसं लागली. अण्णा कधी कुणाशी त्यावर बोलत नसत, ते त्या दिवशी दुपार टळेपर्यंत बोलले. सगळं ऐकून झाल्यावर मामा म्हणाले, "बरं. घालतो पाया."

आणि घातला. महिन्याभराने अण्णा पुन्हा गेले तर घराला चारी कोपऱ्यांशी लोखंडी पाय जोडलेले आणि ते काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले. अण्णांनी तिथे पडलेली पहार उचलून काँक्रीटवर आपटून पाहिली, टवका उडाला नाही. लग्न ठरलं.

सासरी आल्यावर मला या घराच्या खोड्या कळत गेल्या. दोन पेट्यांतली एक पूर्वी कधीतरी मिरी वाहून नेत असणार. हवा दमट झाली की लाकडी तळातून मिऱ्याचा वास यायचा आणि आलेले पाहुणे शिंकायला लागायचे. आत्याबाई म्हणायच्या, "बसा की, अजून एक शिंक यायचीय तुमची." बाहेरच्या बाजूला परदेशी अक्षरं आणि आकडे रंगवलेले होते. घराला नवा रंग दिला तरी तेवढी जागा मामा सोडून द्यायला लावत. म्हणत, "त्यो तिचा जन्माचा दाखला हाय. सासरी आली म्हणून माहेरचं नाव पुसायचं व्हय?" मी नवी सून. हे कुणाला ऐकवण्यासाठी होतं ते मला बरोबर कळायचं, आणि डोळे भरून यायचे.

शनिवारी ते मारुतीला तेल वाहायला जात. परत आले की वाटीत उरलेलं तेल दारांच्या बिजागऱ्यांना घालत. शिवाय वर्षातून एकदा गॅरेजमधून डबाभर जळकं ऑइल आणून घराच्या चारी पायांशी, लोखंड आणि काँक्रीट मिळतं त्या फटीत, हळूहळू ओतत बसत. मी एकदा विचारलं, "मामा, हे कशाला?"

"वाळवी लागू नये म्हणून."

"लोखंडाला वाळवी?"

"चहा टाक बरं जरा," मामा म्हणाले. अडचणीचा प्रश्न आला की त्यांना चहाची तल्लफ यायची.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. सरकारी माणसं येऊन रंगाने रेघ मारून गेली. आमचं सगळं घर रेघेच्या आत. शेजारपाजारचे लोक दारं-खिडक्या काढायला लागले, हातोड्यांचे आवाज सुरू झाले. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तेवढ्याच वयाची मी होते जेव्हा अण्णा छपरावर बसून एकेक कौल खाली देत होते. ते सगळं मला पुन्हा दिसायला लागलं. जेवण जाईना. मामा मात्र निवांत. म्हणाले, "राजुरीला आपलं शेत हाय. घर तिकडं न्यायचं. पेटी हाय ती, तिला प्रवासाची सवय हाय."

"पण मामा, पाय?" मी म्हटलं. "पाय तर काँक्रीटमध्ये आहेत."

मामांना चहा हवा होता.

अण्णांच्या कानावर गेलं. क्रेन यायची त्या सकाळी ते पहिल्या गाडीने आले, खांद्यावर घण आणि पहार. थेट घराच्या कोपऱ्याशी जाऊन बसले आणि घण उचलला. मामांनी वरच्या वर त्यांचा हात धरला.

"पावणं, ऱ्हाऊ द्या."

"माझ्यामुळं अडकलं हे," अण्णा म्हणाले. "मी पाया मागितला. आता पोरीचं घर माझ्या पायापायी मोडनार. मला फोडू द्या."

"फोडताना पेटीचा कोपरा गेला तर उचलायची कुठं धरून? बसा इथं माझ्यापाशी."

हमीदभाईंनी साखळ्या अडकवल्या. ते का कोण जाणे, पण गालातल्या गालात हसत होते. मी मुलीचा हात धरून रस्त्यापलीकडे उभी होते. क्रेनने ताण घेतला. साखळ्या ताठ झाल्या, पत्रा कण्हला, आणि घर जागचं हललं नाही. अण्णांनी डोळे मिटले. मीही मिटले असते, पण मुलगी माझ्याकडे बघत होती.

मामा उठले. घराजवळ गेले, बोटं मुडपून भिंतीवर टकटक केली आणि मान तिरकी करून ऐकलं. मग क्रेनवाल्याकडे बघून हात वर केला. "हाय. घे आता, दमानं."

चिखलात रुतलेला पाय निघताना होतो तसा आवाज झाला आणि घराचा एक कोपरा वर आला. मग दुसरा. मग सगळं घर, खिडक्यांच्या पडद्यांसकट, माझ्या डोळ्यांसमोर अधांतरी झालं. लोक ओरडले, टाळ्या पडल्या. खाली काँक्रीट जसंच्या तसं, मध्ये पायांच्या आकाराचे खड्डे, आणि खड्ड्यांत काळं गोणपाट.

अण्णा वाकले. गोणपाटाला बोट लावून वास घेतला. "आईल?"

"जळकं आईल," मामा म्हणाले. "गोणपाट त्यात बुडवून पायांना गुंडाळलं, मंग वरून काँक्रीट वतलं. चिकटत न्हाई ते. हमीदभाईला ठावं हाय."

"म्हंजी तुमी मला फसवलंत."

"व्हय. फसवलं." मामा त्यांच्या नजरेला नजर देऊन उभे राहिले. "तुमी पाया मागितला, मी घातला. पण त्या दिवशी तुमी सांगत व्हता आन मी ऐकत व्हतो. तुमचं घर लई पक्कं व्हतं, पावणं. म्हणून तर सोडून यावं लागलं. तुमच्या पोरीला पुन्यांदा घर सोडायला लागू नये, एवढंच बघितलं मी."

क्रेनवाला घर लटकत धरून बसला होता. अण्णांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत. ते हसत होते. त्या रिकाम्या पायावर बसून, तेलकट बोटं धोतराला पुसत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझ्या छातीवरचं ओझं त्या हसण्याने उतरलं. किती वर्षांचं होतं, ते उतरल्यावर कळलं. मी तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसले आणि हुंदके देऊन रडले. आत्याबाई म्हणाल्या, "रड बाई, घर निघालंय आपल्यासंगं."

ट्रेलर आळेफाट्यावरून राजुरीला निघाला. मागच्या टेम्पोत अण्णा, मांडीवर आमची तुळस. संध्याकाळी चूल राजुरीत पेटली. पिठाचा डबा, देव, भिंतीवरचं घड्याळ सगळं जिथल्या तिथे. फक्त खिडकीतून रस्त्याऐवजी ऊस दिसत होता.

पुढच्या आठवड्यात अण्णा पुन्हा आले. टेम्पोत गोणपाटात गुंडाळलेली चौकट. उंबरा मधोमध झिजलेला, वर गणपती कोरलेला. हमीदभाईंनी माप घेऊन पत्रा कापला. आत्याबाईंनी चौकटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. हमीदभाई वेल्डिंगचं सामान काढायला लागले, तसे अण्णा म्हणाले, "चौकटीच्या पट्ट्या पक्क्या चिकटवू नका, भाऊ. बोल्टावर बसवा. निघाली पायजे."

मामा गडबडीने घरात गेले, आणि चौकट ठेंगणी असल्यामुळे कपाळ आपटून घेतलं.

पुढे काही वर्षं मामा त्या चौकटीतून वाकून ये-जा करत होते. गेले ते दुपारचा चहा पिऊन, खाटेवर, घोरता घोरता. असं मरण मागूनही मिळत नाही, असं सगळे म्हणाले, आणि मलाही तसंच वाटलं. रडायला आलं, पण जिवाला घोर लागला नाही.

दहाव्याला अण्णा आले होते. माणसं पांगल्यावर एकटेच घराभोवती फिरताना दिसले. जन्माच्या दाखल्याच्या आकड्यांपाशी थांबले. इकडेतिकडे पाहिलं, बोटं मुडपली आणि भिंतीवर टकटक केली. मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिले. मी मागे येऊन उभी राहिले होते.

"काय म्हणते, अण्णा?"

त्यांनी हात तसाच भिंतीवर ठेवला.

"हाय," अण्णा म्हणाले.